बस म्हणाले म्हणून बसलो

लोणारे माझ्याकडे येतात तेव्हा एकदा येत नाहीत, दोनदा येतात. फाटक उघडून अंगणातून चालत येतात, बेल वाजवतात, मी दार उघडतो. मग माझ्या चेहऱ्याकडे नीट बघून म्हणतात, "नाही जमलं, भाऊ. मांगं घ्या." आणि खरोखर फाटकापर्यंत उलटे जाऊन पुन्हा येतात. पहिल्या खेपेला माझ्या कपाळावर आठी होती, असं त्यांचं म्हणणं. आठी असणारच. रविवारी दुपारी जेवून आडवा झालेला माणूस दार उघडायला उठतो तेव्हा कपाळावर दुसरं काय असणार?

लोणारे पोलिसात सहायक फौजदार आहेत. आमच्या दारव्हा रोडच्या कॉलनीत माझ्यापासून तिसऱ्या घरात राहतात. बायको नागपूरला मुलीजवळ, मुलीची नोकरी तिकडे. हे इथे एकटे. शहराबाहेरच्या एका प्रशिक्षण केंद्रावर नव्या शिपायांना ते 'प्रसंग' शिकवतात. म्हणजे प्लायवूड आणि ताडपत्रीचं खोटं घर उभारायचं, त्यात खोटं भांडण लावायचं आणि नव्या पोरापोरींना आत सोडायचं. नवरा दारू पिऊन आला आहे, भाडेकरू खोली सोडत नाही, सख्खे भाऊ बांधावरून एकमेकांवर धावले आहेत, असं काहीतरी. चारी कोपऱ्यांत कॅमेरे. प्रसंग संपला की सगळ्यांनी बसून ते चित्रण बघायचं. लोणाऱ्यांचा जीव त्या बघण्यात.

तो जीव केंद्रावरच ठेवून आले असते तर माझी काही तक्रार नव्हती. पण माझ्या पुतण्याच्या लग्नाचा व्हिडिओ त्यांनी आवाज बंद करून पाहिला आणि भर बैठकीत सांगितलं, "व्याह्यानं हात जोडले, पण तुमच्या मोठ्या भाऊचे हात खिशातच आहेत. मांगं घ्या, पुन्हा पाहा." पुन्हा पाहिलं. हात खिशातच होते. व्याह्यांची माणसं बैठकीतच होती. त्यानंतर दिवाळीचा फराळ त्या घरून आला नाही.

कॉलनीच्या सभेत पाण्याच्या टँकरवरून जुंपली, तेव्हाही हे मोबाइल धरून कोपऱ्यात उभे. दुसऱ्या दिवशी सचिवांच्या घरी जाऊन त्यांनाच त्यांचं भाषण दाखवलं, अर्थात मुकं. "पाहा साहेब, तोंडानं तुम्ही शांत राहा म्हणून राह्यले, अन् बोट कोनाच्या नाकापाशी गेलं?" सचिवांनी चहा अर्धा ठेवून त्यांना दार दाखवलं. लोणारे बाहेर पडताना म्हणाले म्हणे, "हे मात्र चांगलं केलं. हात खाली ठेवून बोलले."

मी एका पतसंस्थेत हिशेबनीस आहे. आमच्या कामात मागे घेणं नसतं. चूक सापडली की लाल शाईने दुरुस्ती, बाजूला सही, पुढे चला. मी त्यांना हे समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हनूनच सांगतो भाऊ, तुमच्यासारखाच मानूस पाह्यजे मले."

"कशासाठी?"

"प्रसंगासाठी. आमचेच पोट्टे चोर होतात अन् आमचेच शिपाई. चोराले मालूम असते शिपाई काय बोलनार हाय. शिपायानं तोंड उघडाच्या पहिलेच हात वर! मले खरा अडेल मानूस पाह्यजे."

खरा अडेल माणूस! माझ्या घरात, माझ्या खुर्चीवर बसून! मी बायकोकडे पाहिलं. शालिनीने मान खाली घालून मेथी निवडायला घेतली, पण तिचे खांदे हलत होते.

तरी मी गेलो. का गेलो म्हणाल तर या माणसाला नाही म्हणता येत नाही. नाही म्हटलं की तो फाटकापर्यंत जातो आणि पुन्हा येतो.

मी अडेल घरमालक झालो, दारुडा नवरा झालो, एकदा तर बँकेबाहेर रांगेत मरून पडलो. मेलेल्या माणसाला पंचनाम्यात तीन वेळा उलटं करतात, हे कोणी आधी सांगितलं नव्हतं. मानधन नाही. पोहे गार. पण एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहिली पाहिजे. ते चित्रण बघण्याची लोणाऱ्यांची रीत मला पटली होती. इतर ठिकाणी म्हणे कॅमेरे असतात ते पाहुण्यांना दाखवायला. चित्रण पेनड्राइव्हमध्ये जातं आणि पेनड्राइव्ह कपाटात. त्यापेक्षा वाईट म्हणजे कोणीतरी त्यातला पडण्या-धडपडण्याचा तुकडा काढून, त्याला गाणं लावून ग्रुपवर फिरवतं. शिकणाऱ्याची चूक ही काय करमणूक आहे? लोणारे असं होऊ देत नसत.

त्यांचा नियम असा. पहिल्यांदा चित्र बघायचं, आवाज बंद. फक्त हात आणि पाय बघायचे. दुसऱ्यांदा आवाज ऐकायचा, चित्र नाही. त्यासाठी ते गळ्यातला पांढरा दुपट्टा काढून पडद्यावर टाकतात. तिसऱ्यांदा दोन्ही, आणि तेव्हा ज्याचा प्रसंग असेल त्यानेच बोलायचं. कोणाला 'चुकलास' म्हणायचं नाही. "दिसलं ते सांगा, वाटलं ते नका सांगू," हे वाक्य तासाला पाच-सहा वेळा. एकदा लावलं की शेवटपर्यंत चालवायचं, मध्ये कोणी बंद करायचं नाही. आणि ज्याचा प्रसंग त्याच्या आधी ते कोणी बघायचं नाही, स्वतः लोणाऱ्यांनीसुद्धा नाही.

आता झालेला अन्याय सांगतो.

त्या शनिवारी माझ्याकडे रबराचा विळा दिला होता. प्रसंग असा की भावाने वाटणीचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, कोरला म्हणून मी विळा घेऊन दारात उभा आहे आणि कोणाचं ऐकत नाही. आत येणार होती वैशाली टेकाम, राळेगावकडची मुलगी, आणि तिच्यामागे दोघं. हा तिचा परीक्षेचा प्रसंग होता. यात नापास झाली तर बरोबरच्या सगळ्यांना नेमणुका मिळणार आणि ती पुढच्या तुकडीबरोबर पहिल्यापासून. परीक्षक म्हणून केंद्राचे निरीक्षक साहेब स्वतः खुर्ची टाकून बसलेले.

मे महिना, वर ताडपत्री. मी ठरल्याप्रमाणे ओरडत होतो. टेकाम हात पुढे करून म्हणत होती, "थांबा. विळा ठेवा. बोलू आपन." मी ठेवत नव्हतो, कारण मी अडेल. बराच वेळ हे चाललं. माझा घसा सुकला. आणि एकदम आवाज आला, "बस! बस!"

मी सरळ माणूस आहे. बस म्हटल्यावर मी बसलो. गुडघे दुमडले, विळा जमिनीवर ठेवायला हात खाली नेला आणि टेकामची लाठी माझ्या नडगीवर बसली. लाठीला फोम गुंडाळला होता, पण तो नेमका त्या टोकाला सरकलेला. मी आडवा झालो आणि तिघं माझ्या अंगावर. तोंडात माती. त्या मातीतूनच मी ओरडलो, "मी बसलो होतो! मी बसलो होतो!" मी ते इतक्या वेळा ओरडलो की दुसरं काही ऐकूच आलं नाही.

पायाला पट्टी बांधून झाल्यावर निरीक्षक साहेबांनी कागदावर काय लिहिलं ते मी डोळ्यांनी वाचलं. टेकामच्या नावापुढे, 'विनाकारण बळाचा वापर.' आणि खाली, 'भूमिका करणाऱ्या नागरिकाने सूचनांचे पालन केले नाही.'

मी! एकतीस वर्षं ज्याच्या रकान्यात एक आकडा इकडचा तिकडे गेला नाही, त्या माणसाने सूचनांचं पालन केलं नाही!

"साहेब, मला बस म्हणाले म्हणून मी बसलो."

"कोण म्हणालं?"

"यांच्यापैकी कोणीतरी."

टेकामचे डोळे भरले होते, पण आवाज ताठ होता. "मी थांबा म्हनलं सर. बस नाही म्हनलं." मागचे दोघंही नाही म्हणाले. साहेबांनी हात झटकले. "सोमवारी चित्रण बघू. माझ्या हिशेबाने मुलगी नापास आहे."

हिशेब हा शब्द लोक फार सहज वापरतात.

आणि लोणारे? ते घरापर्यंत मला सोडायला आले, फाटकात उभे राहिले, आत आले नाहीत. रविवारी पण आले नाहीत. मी दुपारभर जागा होतो.

"आले नाहीत भाऊजी," शालिनी म्हणाली.

"कसे येतील? माणूस बोलावायचा, मार खायला लावायचा, वर खोटा पाडायचा."

"पण तुम्ही बसलात कशाला?"

"बस म्हणाले म्हणून."

"मी घसा कोरडा करते, दोन घटका बसा, तेव्हा नाही बसत!"

सोमवारी मी रजा टाकून गेलो, लंगडत. चित्रणाच्या खोलीत सगळी तुकडी बसलेली, टेकाम पहिल्या बाकावर, निरीक्षक साहेब बाजूला. लोणारे कोणाकडे न बघता उभे राहिले आणि म्हणाले, "कोनी पाह्यलं नाही, म्या पन नाही. लावतो."

आधी चित्र. मी पडद्यावर इतका जाड दिसतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी हातवारे करतोय, टेकाम हात पुढे करून उभी. मग मी अचानक खाली वाकतो, विळा खाली जातो, लाठी येते.

"बघा," साहेब म्हणाले, "विळा याने खाली आणलाच होता."

"मले वाटलं, माया पाय तोडते हा—" टेकाम म्हणाली.

"वाटलं ते नको, बेटा," लोणारे म्हणाले. "काय दिसलं?"

तिने पडद्याकडे पाहिलं. "हात दिसला सर. विळ्याचा हात खाली आला. बाकी काही पाह्यलंच नाही म्या."

"पण हा माणूस बसला का?" साहेबांनी विचारलं. मी उठून उभा राहिलो. "पुन्हा सांगतो, बस म्हणाले म्हणून!" मागच्या बाकांवर पोरं हसली. मी वळून त्यांच्याकडे असं पाहिलं की हसणं खाली गेलं.

लोणाऱ्यांनी दुपट्टा काढून पडद्यावर टाकला. चित्र गेलं. आवाज सुरू झाला.

माझी आरडाओरड. टेकामचं "थांबा, विळा ठेवा, बोलू आपन." पुन्हा माझी आरडाओरड, आता घोगरी. माझा श्वास ऐकू येत होता, भात्यासारखा. आणि मग कॅमेऱ्याच्या अगदी जवळून, एक जाडा, वयस्क आवाज: "बस! बस!"

खोलीतल्या प्रत्येकाने तो आवाज ओळखला. रोज सकाळी तोच आवाज त्यांना मैदानावर पळवत होता. एक पोरगा फिस्सकन हसला आणि शेजाऱ्याने त्याला कोपर मारलं.

"हा कोण?" साहेब म्हणाले. त्यांनाही कळलं होतं.

लोणारे पडद्याकडे पाठ करून उभे होते. त्यांनी चित्रण चालवणाऱ्या शिपायाला म्हटलं, "मांगं घे." पुन्हा तेच. बस, बस. "साहेब, हा माया आवाज हाय. शनिवारीच वाटलं होतं, पन वाटलं ते सांगाचं नाही म्हनून थांबलो. प्रसंग संपवासाठी बस म्हनलं म्या. बस म्हनजे पुरे. भाऊनं आयकलं, खाली बस. नियम मायाच हाय, प्रसंगात शिकवनाऱ्यानं बोलाचं नाही. म्याच मोडला. टेकामनं नाही मोडला, अन् भाऊनंही नाही."

"पण मध्येच बोललात कशाला?"

लोणाऱ्यांनी शिपायाला पुन्हा मागे घ्यायची खूण केली. या वेळी आवाज पुढे चालू राहिला. बस बस नंतर लगेच, खालच्या पट्टीत, स्वतःशीच बोलल्यासारखं ऐकू आलं, "तोंड लाल झालं मानसाचं. पुरे करा रे, बीपी हाय त्याले." आणि मग लाठीचा आवाज, पडण्याचा आवाज, आणि माझी बोंब, मी बसलो होतो, मी बसलो होतो.

माझ्या बीपीची गोळी शालिनीशिवाय कोणाला माहीत नव्हती. म्हणजे मला तसं वाटत होतं.

"ठीक आहे, कळलं. बंद करा, लोणारे," साहेब म्हणाले.

"नाही साहेब. शेवटपर्यंत चालवाचं, नियम हाय."

नियम सांगताना पुढे काय आहे ते त्यांना आठवलं नसावं. माझ्या बोंबेच्या खालून तोच जाडा आवाज येत होता, पण आता फार बारीक झालेला. "भाऊ, ओ सरोदेभाऊ. डोक्याले त नाही लागलं ना? डोक्याले? बोला ना. शिव्या द्या, पन बोला." पोरांच्या पावलांचा आवाज. कोणीतरी पाणी आणा म्हणतंय. "पुन्हा नाही बोलवत तुमाले, आईची शपथ. फक्त घरी येऊ नका असं नका म्हनू. भाऊ. एवढं नका म्हनू."

लोणाऱ्यांचा हात बंद करण्याच्या बटणापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. शिपायाने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी हात मागे घेतला. शनिवारी हे सगळं माझ्या कानापाशी बोललं गेलं होतं आणि मी माझ्या न्यायासाठी ओरडत होतो.

तिसऱ्यांदा दुपट्टा काढून दोन्ही लावलं. आता टेकामने बोलायचं होतं. ती उभी राहून पडद्याकडे बघत म्हणाली, "सरले भाऊचं तोंड लाल झालेलं दिसलं. मी समोर होते, मले नाही दिसलं. मी हातच पाहून राह्यले होते. विळा पाह्याचा, पन मानूस पन पाह्याचा."

निरीक्षक साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. शेवटी म्हणाले, प्रसंगात तिऱ्हाईत आवाज मिसळला, सबब तो धरता येणार नाही. आजच परत घेऊ. प्रसंग संपवायला यापुढे शिट्टी वाजवायची, बस हा शब्द मैदानात कोणी उच्चारायचा नाही. "पण त्यासाठी भूमिका करणारा लागेल," आणि त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं. सगळी तुकडी माझ्या पायाकडे पाहू लागली. लोणारे एकटे माझ्याकडे बघत नव्हते.

"आधी तो शेरा खोडा," मी म्हटलं. "आणि बाजूला सही करा."

त्यांनी खोडला. सही केली. मी विळा घेतला.

पुन्हा ताडपत्री, पुन्हा ऊन. मी जीव तोडून ओरडलो. टेकामला सोपं जावं म्हणून मी काही कमी केलं नाही, तसं करणं मला जमतही नाही. "थांबा," ती म्हणाली. "विळा ठेवा." मी ठेवला नाही. ती थोडी जवळ आली, हातांकडे बघत होती. मग तिने वर माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"काका, घसा सुकला तुमचा," ती म्हणाली. "पानी पेता का?"

या प्रश्नाला अडेल माणसाने काय उत्तर द्यायचं, ते मला कोणी शिकवलं नव्हतं. घसा खरंच सुकला होता. तिने न वळता मागे हात केला, मागच्याने त्यात पाण्याची बाटली दिली आणि तिने ती माझ्या पुढे धरली. बाटलीचं झाकण उघडायला दोन हात लागतात. मी विळा खाली ठेवला.

शिट्टी वाजली.

टेकाम पास झाली. कागदावर साहेबांनी काय लिहिलं ते या वेळी मी वाचलं नाही. लोणारे म्हणाले, "चला, घरी सोडतो," आणि आम्ही गाड्यांच्या शेडमध्ये आलो. वाटेत ते एकदाही मागं घ्या म्हणाले नाहीत.

"बीपीचं तुम्हाला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"कोनी नाही. तुमी गोई घेता तेव्हा खिडकीकडं पाठ करता. रोज."

शालिनीने सकाळी सांगितलं होतं, वांग्याची भाजी जास्त केली आहे, त्यांना घेऊन या. ते मी सांगितलं.

लोणाऱ्यांनी मान हलवली. मोटारसायकलच्या आरशाला अडकवलेलं हेल्मेट काढून डोक्यात घातलं, पट्टा लावला आणि काळी काच पूर्ण खाली ओढली. गाडी अजून स्टँडवरच होती, किल्ली खिशात होती. मीही घाई केली नाही. शेडच्या खांबाला धरून एका पायावर उभा राहिलो आणि ते काच वर करेपर्यंत पलीकडच्या मैदानाकडे बघत बसलो.